पंचांग आणि बदलीचा हुकूम

लग्न ठरविणें म्हणजे दोन कुटुंबांच्या सोयींचा मेळ घालणें, असें आपण आजवर मानीत आलों आहों. मुलाची परीक्षा, मुलीची नोकरी, कार्यालयाची मोकळी तारीख, गुरुजींची सवड आणि आत्याबाईंचें गुडघ्याचें दुखणें, या साऱ्यांतून वाट काढीत वधूवरांचे वडील एक दिवस निश्चित करतात, आणि मग त्या दिवसापुढें सारें घर नमतें. परंतु वर लष्करांत असला म्हणजे या मेळांत एक तिसरा पक्ष येऊन बसतो. तो साखरपुड्यास येत नाहीं, त्याला आहेर करावा लागत नाहीं, आणि त्याच्याशीं बोलणींहि करतां येत नाहींत. तो पक्ष म्हणजे सरकारी बदलीचा हुकूम.

आमच्या एका वाचकभगिनीनें या तिसऱ्या पक्षाविषयीं आम्हांस एक लांबलचक पत्र लिहिलें आहे. मजकूर थोडक्यांत असा : मुलगी एम. एस्सी. झालेली, एका प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. भावी जांवई लष्करांत कॅप्टन. लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें. कार्यालयाची अनामत भरली होती, शालूहि घेतला होता. इतक्यांत श्रावणांत हुकूम आला कीं, कॅप्टनसाहेबांनीं दसऱ्यापूर्वीं लडाखमधील एका ठाण्यावर रुजू व्हावें. तेथें कुटुंब नेतां येणार नाहीं, आणि रुजू झाल्यावर लगेच लांब रजा मिळण्याचा भरंवसा नाहीं. वरपक्ष म्हणतो, पितृपंधरवडा लागण्यापूर्वीं उरकून घ्या. मुलीचे काका म्हणतात, चातुर्मासांत आमच्या घराण्यांत कधीं लग्न झालेलें नाहीं. स्वतः त्या भगिनींना वाटतें कीं, दोन वर्षांनीं तो तिकडून खालीं येईल, तेव्हांच पाहावें. पत्र चार पानांचें आहे. त्यांत कार्यालयाच्या अनामतीचा उल्लेख तीन वेळां आला आहे. मुलीला काय वाटतें, हें मात्र एकाहि ओळींत आलेलें नाहीं.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं, म्हणून आम्ही तो या सदरांत घेतला. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी चालत आली, तेथील बायकांना यांतलें सारें न सांगतां ठाऊक असतें. पण आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत जांवई म्हणजे बँकेंतला, महाविद्यालयांतला किंवा संगणकाच्या कंपनींतला. लष्करांतला जांवई क्वचित्. अशा घरांना लष्कराची शिस्त कौतुकाची वाटते, पण तिची व्यवस्था अपरिचित असते. ती व्यवस्था समजली म्हणजे अर्धें भांडण आपोआप मिटतें.

सैनिकाचें लग्न ही अडचण फार जुनी आहे. रोमन बादशाही सैन्यांत नोकरी असेपर्यंत शिपायाला कायदेशीर लग्न करतां येत नसे. सेप्टिमियस सेव्हेरस बादशहानें इ. स. १९७ च्या सुमारास ही बंदी सैल केली, असें इतिहासकार मानतात. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी फौजेंत शंभर शिपायांमागें साधारण सहांच्याच बायकांना पलटणीच्या पटावर जागा मिळे, आणि पलटण परदेशीं निघाली म्हणजे कोणीं बरोबर जावयाचें व कोणीं मागें राहावयाचें, हें बंदरावर चिठ्ठ्या टाकून ठरवीत. आपल्याकडे अशी बंदी नव्हती. अडचण होती ती ऋतूंची. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. म्हणजे लग्नसराईचे जे महिने तेच मोहिमेचे. आणि स्वार घरीं सांपडावयाचा तो चातुर्मासांत, जेव्हां लग्नें करण्याचा प्रघात नाहीं. पंचांग आणि हुकूम यांचा हा झगडा आपल्या पणज्यांनींहि पाहिला असला पाहिजे.

आजची गोष्ट पाहूं. भारतीय सैन्यांत अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा व २० दिवसांची किरकोळ रजा असते. जवानाला किरकोळ रजा ३० दिवसांची. हे आंकडे ऐकून मुलीचे वडील म्हणतात, ‘मग अडचण कसली? बँकेंत एवढी रजा कोणाला मिळते?’ परंतु लष्करांतील रजा ही मागून मिळणारी सवलत आहे. ती हक्क म्हणून वसूल करतां येत नाहीं. ठाण्यावरील सर्व अधिकारी एकदम खालीं येऊं शकत नाहींत. एकजण परतला म्हणजे दुसरा निघतो. त्यांतून जो नव्यानें रुजू झाला, त्यानें आधीं आपलीं माणसें, आपल्या वाटा आणि आपली जबाबदारी ओळखून घ्यावी, ही वरिष्ठांची अपेक्षा वाजवीच आहे. नवा गडी आणि लांब रजा हीं दोन्ही एकाच वेळीं मागणें म्हणजे नव्या सुनेनें आल्या दिवशीं माहेरीं जाण्याची परवानगी मागण्यासारखें आहे. वरिष्ठ कनवाळू असले तर मिळते, पण मागणाराची मान खालीं जाते. यासाठीं मुलानें बदलीचा हुकूम हातीं पडतांच आपल्या कमांडिंग ऑफिसरला लग्नाची गोष्ट स्पष्ट सांगावी. निघण्यापूर्वीं रजा मिळते कीं नव्या ठिकाणीं कांहीं महिन्यांनीं, याचें उत्तर तेथेंच मिळेल. मामांच्या ओळखीच्या निवृत्त कर्नलकडे नव्हे.

मंजूर झालेली रजाहि पक्की नसते. मे २०२५ मध्यें ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळीं अनेक सैनिकांना रजा सोडून परत बोलावण्यांत आलें. त्यांत महाराष्ट्रांतील एक जवान अंगावरची हळद ओली असतांनाच निघाला, ही बातमी वाचून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनीं आपल्या मुलीच्या लग्नाचा बेत करतांना ती विसरूं नये. आणि लढाई नसली तरी हवा आहेच. लेहचें विमान उडेल कीं नाहीं, हें आभाळ ठरवितें. ऑक्टोबर २०२० मध्यें रोहतांगखालचा अटल बोगदा आणि जानेवारी २०२५ मध्यें सोनमर्गचा बोगदा सुरू झाला, त्यामुळें प्रवास पुष्कळ सुकर झाला. तरी त्या दोन्ही वाटांवर पुढें बारालाचा व झोजी हे बर्फाचे घाट आहेतच. म्हणून आमची एक साधी सूचना आहे. रजा तीस दिवसांची असेल, तर लग्न आठव्या-दहाव्या दिवशीं धरावें. आधींचे दिवस वाटेंतील विलंबासाठीं राखावेत. नंतरचे तीन आठवडे केवळ त्या दोघांचे असावेत. आपल्या घरांतून बहुधा याच्या उलट होतें : पंधरा दिवस केळवणांत जातात, आठ दिवस कुलदैवतांच्या दर्शनांत जातात, आणि उरलेल्या दिवसांत मुलगा पेटी भरूं लागतो.

आतां काकांच्या आक्षेपाकडे वळूं. चातुर्मासांत लग्न करूं नये, हा शिष्टांचा संकेत आहे आणि त्याचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु संकेत घालणारांनीं माणसाची अडचणहि ओळखली होती. नेहमींच्या मुहूर्तांखेरीज अडीअडचणीच्या प्रसंगीं ‘काढीव मुहूर्त’ पाहावा, दिवसा जमत नसेल तर ‘गोरज मुहूर्त’ धरावा, हे शब्द आपल्या आजीच्या तोंडीं सहज असत. गुरुजींना सारी हकिगत सांगितली, तर तेहि वाट काढून देतात. वाट अडविणारे बहुधा गुरुजी नसून नातलग असतात. कायद्याला तर मुहूर्ताची अडचणच नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें वधूवरांपैकीं कोणत्याहि एका पक्षाच्या रूढीप्रमाणें संस्कार व्हावे लागतात, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. तें पाऊल आश्विनांत पडलें कीं मार्गशीर्षांत, हें कायदा विचारीत नाहीं.

येथें एक धोका मात्र सांगितला पाहिजे. अलीकडे कित्येक घरांतून अशी युक्ति निघते कीं, आतां नुसती नोंदणी करून दाखला घ्यावा आणि समारंभ पुढें सवडीनें करावा. ही युक्ति विचार न करतां केली, तर अंगाशीं येते. संस्कार झालेले नसतां केवळ दाखला घेतल्यानें हिंदु विवाह कायद्याखालीं लग्न झालें असें होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ मध्यें एका प्रकरणांत स्वच्छ सांगितलें आहे. तेव्हां समारंभ पुढें ढकलावयाचा असेल, तर दोनच मार्ग आहेत. पहिला, दहावीस माणसांत गुरुजींकडून सप्तपदी करून घ्यावी, मग नोंदणी करावी आणि जेवणावळी पुढें घालाव्या. दुसरा, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या देखत लग्न लावावें; तेथें तेंच लग्न असतें. या दुसऱ्या मार्गांत तीस दिवस आधीं नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकीं एकजण तरी त्या जिल्ह्यांत नोटिशीपूर्वीं निदान तीस दिवस राहत असावा लागतो. मुलगी तेथें राहत असली म्हणजे ही अट पुरी होते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालें नाहीं, तर ती पुन्हां द्यावी लागते. रजेचा हिशेब करतांना हे तीस दिवस व हे तीन महिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तांबड्या शाईनें लिहून ठेवावेत.

पण तारखेचें हें सारें उलगडलें, तरी मूळ प्रश्न राहतोच. आमच्या मतें घरांतील वडीलधारी मंडळी चुकीच्या गोष्टीवर भांडत आहेत. लग्नाचा दिवस कोणता, यावर चार पानें खर्ची पडलीं. लग्नानंतरचें पहिलें वर्ष कसें जाणार, यावर चार शब्दहि नाहींत. सैनिकाच्या लग्नांत ठरवावयाचें असतें तें हें वर्ष.

आपल्या घरांतील पहिलें वर्ष कसें असतें तें आठवून पाहा. दिवाळसण असतो, संक्रांतीचे हलव्याचे दागिने असतात, श्रावणांत मंगळागौर असते. प्रत्येक प्रसंगीं जांवई पाटावर बसलेला आहे, असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. जो जांवई सीमेवर आहे, त्याच्या बायकोला हे सण एकटीनें साजरे करावे लागतात. आणि आलेली प्रत्येक बाई कळवळ्यानें विचारते, ‘अजून रजा नाहीं का मिळाली?’ हा कळवळा दिवसांतून पांच वेळां ऐकणें ही एक शिक्षा आहे. सासूबाईंनीं हें आधींच ओळखून त्या प्रश्नांची ढाल आपल्या हातीं घेतली, तर सून जन्मभर विसरणार नाहीं.

मग प्रश्न राहण्याचा. लष्करांत ‘फील्ड’ आणि ‘पीस’ असे दोन शब्द आहेत, आणि जिच्या कपाळीं हें लग्न आहे तिनें ते लग्नापूर्वीं शिकून घ्यावेत. ‘पीस’ म्हणजे शांततेचें ठाणें. तेथें कुटुंब नेतां येतें, पण सरकारी घर मिळावयास पाळी लागते. ‘फील्ड’ म्हणजे सीमेजवळचें ठाणें. तेथें कुटुंबाला जागा नसते. कांहीं छावण्यांत अशा मागें राहिलेल्या कुटुंबांसाठीं घरें राखलेलीं असतात, तेव्हां अर्ज करून पाहावा. नवरा वर असतां मुलीनें सासरीं राहावें, माहेरीं राहावें, कीं आपल्या नोकरीच्या गांवीं? सासर परगांवीं असेल आणि नोकरी इकडे असेल, तर जेथें नवराच नाहीं तेथें नोकरी सोडून जाऊन राहण्यांत कोणाचें हित आहे? आमचें मत विचाराल तर, पहिली बदली सीमेवरची असेल तेव्हां मुलीनें आपली नोकरी मुळींच सोडूं नये. पुढें शांततेचें ठाणें मिळेल, त्या वेळीं बदलीचा किंवा रजेचा विचार करावा. लष्करी माणसाचें ठाणें दर दोनतीन वर्षांनीं बदलावयाचें. प्रत्येक बदलीला बायकोनें शून्यापासून आरंभ करावा, हा बोजा एकटीवर टाकण्यापूर्वीं दोघांनीं तो एकदां हातांत धरून तोलून पाहावा.

आतां कागदांविषयीं. हें लिहितांना लेखणी जड होते, पण लिहिलेंच पाहिजे. लग्न झालें, फोटो निघाले, मुलगा रुजू झाला, आणि लग्नाची नोंद पलटणीच्या दप्तरांत ‘सावकाश करूं’ म्हणून राहून गेली, असें होऊं देऊं नये. विवाहाचा दाखला युनिटच्या कचेरींत देऊन तेथील ‘पार्ट टू ऑर्डर’ नांवाच्या आदेशांत लग्नाची नोंद झाली, म्हणजे सरकारच्या दृष्टीनें ती त्याची पत्नी. लष्करी रुग्णालय, कँटीन, घर आणि दुर्दैवानें वेळ आलीच तर कुटुंबनिवृत्तिवेतन, या साऱ्यांचा पाया ती एक ओळ असते. त्याचबरोबर विमा व भविष्यनिर्वाह निधि यांवरील वारसाचें नांव नव्यानें भरावें. अविवाहित मुलानें तेथें आईचें नांव लिहिलेलें असतें, आणि ‘आईचें नांव कसें काढूं’ या संकोचानें तो गप्प बसतो. यांत काढण्याघालण्याचा प्रश्न नाहीं. आईला काय व बायकोला काय, हें तिघांनीं एकत्र बसून मोकळेपणानें ठरवावें. महाराष्ट्रांत नोंदणीसाठीं १९९८ चा कायदा आहे, आणि लष्करी बाबतींत कांहीं अडलें तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारतां येतें. शालू एकवार उशिरां आला तरी चालेल. दाखला मात्र रजेच्या दिवसांतच हातीं पडला पाहिजे.

येथवर आम्ही वर सैनिक आहे असें धरून लिहिलें. पण वधूच सैनिक असली तर? हा प्रश्न आतां कल्पनेंतला राहिलेला नाहीं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत २०२२ मध्यें मुलींना प्रथम प्रवेश मिळाला, आणि मे २०२५ मध्यें त्यांच्यापैकीं १७ जणींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. या मुलींच्या आधीं वर्दींत आलेल्या एका परिचारिका-अधिकाऱ्याची हकिगत मात्र प्रत्येक घरांत वाचली जावी. १९८८ मध्यें, केवळ लग्न केलें म्हणून, तिला लष्करी सेवेंतून मुक्त करण्यांत आलें. ज्या नियमाखालीं हें घडलें तो १९९५ मध्यें मागें घेण्यांत आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिची बडतर्फी बेकायदा ठरविली, असा नियम उघडउघड मनमानी व स्त्रीपुरुषांत भेद करणारा असल्याचें सांगितलें, आणि तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण मध्यें छत्तीस वर्षें गेलीं. सरकारी दप्तरांतून तो नियम गेला. आपल्या दिवाणखान्यांतून अजून गेलेला नाहीं. मुलगा लष्करांत असला कीं ‘देशसेवा करतो’ म्हणावयाचें, आणि सून लष्करांत असली कीं ‘लग्नानंतर सोडील ना?’ असें विचारावयाचें, हा तोच नियम आहे.

वाचकभगिनींना आमचें उत्तर असें : प्रथम मुलीला आणि त्या कॅप्टनला दोन दिवस एकत्र बोलूं द्यावें, आणि त्या वेळीं खोलींत तिसरें कोणी नसावें. नुसतें तारखेवर नव्हे, तर पुढच्या दोन वर्षांवर. तो कोठें असेल, ती कोठें असेल, फोन किती दिवसांनीं होईल, ती आजारी पडली तर कोणाला हांक मारील, त्याच्या आईबापांचें कोण पाहील, हें त्यांनीं एकमेकांना विचारावें. या बोलण्यानंतर दोघेंहि ‘आतांच’ म्हणालीं, तर गुरुजींना सांगून काढीव मुहूर्त पाहावा, लहानसें लग्न करावें, दाखला घ्यावा, आणि अनामतीचा नाद सोडावा. ‘थांबूं’ म्हणालीं, तर थांबावें. थांबणें म्हणजे सोयरीक मोडणें नव्हे, आणि ज्या घराला दोन वर्षांच्या वाटेचें भय वाटतें त्यानें मुलगी लष्करांत देण्याचा विचार आरंभींच करावयास हवा होता. मात्र ‘हातचें स्थळ जाईल’ या भीतीनें घाईंत, किंवा ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनें उशिरां, असें लग्न करूं नये. तारीख त्या दोघांनीं ठरवावी, मुहूर्त गुरुजींनीं काढावा आणि खर्च वडिलांनीं आंखावा. हा क्रम उलटा झाला कीं घोंटाळा होतो.

आमच्या वाचकांत सैनिकांच्या पत्नी व माता थोड्या असतील, पण आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. पहिलें वर्ष आपण कसें काढलें, कोणत्या गोष्टीचा आधार झाला, आणि नातलगांच्या कोणत्या वागण्यानें दुःख झालें, हें त्यांनीं आम्हांस लिहावें. नांव प्रसिद्ध करावें अशी अपेक्षा नाहीं. ज्या घरांत असा हुकूम आज पहिल्यांदाच आला आहे, त्यांना आमच्या उपदेशापेक्षां त्या पत्रांचा उपयोग अधिक होईल. आलेलीं पत्रें पुढील अंकापासून आम्ही याच सदरांत देऊं.